जुन्या सागवानी कपाटाचा रंग काढून पॉलिश करायचंय, मास्क कोणता घेऊ?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या माहेरचा वाडा पाडला तेव्हा तिथलं एक दोन दारांचं सागवानी कपाट आमच्याकडे आलं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पडून आहे. लाकूड ठणठणीत, पण वर ऑइलपेंटचे थरावर थर. सगळ्यात वर चॉकलेटी, खाली पिस्ता, त्याखाली निळा, आणि एका कोपऱ्यात टवका उडालाय तिथे अगदी तळाशी शेंदरी रंग दिसतोय. घरचे म्हणतात मिस्त्रीला दे. मला स्वतःच करायचंय. लॉकडाऊनमध्ये लाकूडकामाचा नाद लागला तो सुटलेला नाही. ऑर्बिटल सँडर आहे, छोटा कॉम्प्रेसर आणि फवारणीची गन नुकतीच घेतली.

बेत असा: रिमूव्हर लावून रंग काढायचा, उरलेला सँडरने ८०, १२०, २२० नंबरचे पेपर लावून. मग सीलर आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश गनने. दुकानदाराने पीयूचे दोन डबे दिलेत, एक बेस आणि एक हार्डनर.

आता मास्क. घरात कोविडच्या वेळचे एन९५ उरलेत, कानात अडकवायचे, दोनचारदा धुतलेले. हार्डवेअरच्या दुकानातून एक राखाडी कापडी 'कार्बन मास्क' आणला, त्याला पुढे प्लॅस्टिकचं बटण आहे. थिनरमध्ये ब्रश धुताना दोन्ही एकावर एक घालून पाहिले. वास जसाच्या तसा येतो! सासरे म्हणतात ओला पंचा बांध, आमचे वडील तेच करायचे. ऑनलाइन बघावं तर एफएफपी२, पी१००, ए२पी३, ६००३... आकड्यांचा नुसता बाजार.

मला चष्मा आहे, केस लांब आहेत, खर्च तीन-चार हजारांपर्यंत करू शकते. धाकटा बाजूच्या टेबलावर सोल्डरिंग करत बसतो. त्यालाही काही लागेल का?

टवाळ_टोळ

ओल्या पंचाला माझं अनुमोदन. एप्रिलमध्ये सांगली-मिरजेकडे तेवढाच गारवा. मास्क म्हणून उपयोग शून्य.

ताई, भोसरीचे काका येईपर्यंत हार्डनरच्या डब्याचं झाकण उघडू नका.

भोसरीचा_गनवाला

आलो. लेथवर होतो, मोबाइल आत होता.

ताई, आधी माझी ओळख, म्हणजे कुठल्या अधिकाराने बडबडतोय ते कळेल. उभी नोकरी भोसरीतल्या एका पेंटशॉपमध्ये गेली. आधी हातात गन, मग गनवाल्यांवर देखरेख. आता घरी पोळपाट, लाटणी, वाडगे कातत बसतो. धूळ आणि थिनर दोन्हींशी जुना संबंध.

तुमच्या एका कपाटात तीन निरनिराळी कामं आहेत आणि तिन्हींत हवेत उडणारी वस्तू वेगळी आहे. त्यामुळे 'कोणता मास्क' याला एका शब्दात उत्तर नाही. एवढं पक्कं करा: हवेत एकतर कण असतात, नाहीतर वाफ असते, नाहीतर दोन्ही. भुसा, रंगाची पूड, वेल्डिंगचा धूर, गनचा फवारा हे कण. थिनर, स्पिरिट, रिमूव्हर यांचा वास म्हणजे वाफ. कणांना फिल्टर अडवतो. वाफ फिल्टरमधून खुशाल आरपार जाते, तिला कोळशाचं कार्ट्रिज लागतं. तुम्ही एन९५ वर थिनर हुंगलात आणि वास आला, यात मास्कचा काही दोष नाही. तो त्या कामाचा नाहीच.

आता घरात पडलेल्या एन९५ बद्दल. लोकांना वाटतं ती पिठाची चाळणी आहे, बारीक भोकं, मोठं अडकतं, छोटं जातं. तसं नसतं. आतल्या थराच्या धाग्यांवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो आणि अगदी बारीक कण त्या भाराने ओढले जाऊन चिकटतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून परीक्षा त्याच मापावर घेतात. साबणाने धुतला, स्पिरिट मारलं, की तो भार उतरतो. दिसायला मास्क तोच, आतून मेलेला. तुमचे धुतलेले सगळे कचऱ्यात टाका. अमेरिकेच्या नायॉशची (कामगारांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) खरी मान्यता असलेल्या एन९५ ला कानाचे लूप नसतात, डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात, आणि अंगावर टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो. आपल्याकडचं मानक आयएस ९४७३. त्यात युरोपसारखेच एफएफपी१, २, ३ असे वर्ग आहेत, युरोपी हिशेबाने गाळायची ताकद अनुक्रमे ८०, ९४ आणि ९९ टक्के. पी१०० म्हणजे ९९.९७. पुढचं बटण, म्हणजे व्हॉल्व्ह, धुळीच्या कामाला चांगलंच असतं, श्वास सोडायला सोपं जातं. २०२० च्या जुलैत केंद्राच्या आरोग्य खात्याने व्हॉल्व्हवाल्यांना नको म्हटलं, ते आपला श्वास न गाळता बाहेर पडून दुसऱ्याला लागण होईल म्हणून. कपाटाला कोविड होत नाही.

राखाडी कापडी कार्बन मास्क: त्यात कोळशाचा पातळ थर असतो. वास जरा मऊ करेल, पण चेहऱ्याला कुठूनच घट्ट बसत नाही. कामाचा नाही.

आता कामं एकेक करून.

पहिलं, रंग काढणं. तो शेंदरी थर वाचून मी जरा सरसावून बसलो. विटकरी असता तर रेड ऑक्साइड म्हटलं असतं, तो लोखंडाचा असतो, फार चिंता नाही. शेंदरी असेल तर शेंदूर असण्याचा संशय धरा, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. आणि नुसता तोच थर नाही. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या कुठल्याही ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चालायचं. तुमच्या कपाटाचे थर त्याच्या कितीतरी आधीचे दिसतात.

म्हणून सँडर लावायचाच नाही, निदान रंग उतरेपर्यंत. सुक्या रंगावर ८० नंबर फिरवलात की शिशाची पूड अख्ख्या गच्चीवर. स्प्रे बाटलीने पाणी मारत मारत स्क्रेपरने खरवडा. खाचाखोचांत ओला वॉटरपेपर हाताने. हीट गन असेल तर खालच्या आकड्यावर, रंग जेमतेम मऊ होईल एवढीच. धूर दिसला म्हणजे जास्त तापलं. ब्लो-लॅम्प तर नकोच. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, पडलेलं सगळं ओलं असतानाच गोळा करा. केरसुणी मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कामाचे कपडे वेगळे धुवा आणि हात-तोंड धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका. शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम लहान मुलांवर होतो, त्यामुळे धाकट्याचं टेबल त्या दिवसांत खाली हलवा. मास्क इथे पी१०० किंवा युरोपी पद्धतीतल्या पी३ फिल्टरचा, त्याहून कमी नको.

रिमूव्हरच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलंय का बघा. असेल तर परत करा. ते ४० अंशांना उकळतं, म्हणजे तुमच्याकडच्या उन्हाळ्यात डबा उघडायचाच अवकाश. इतक्या हलक्या वाफेला कोळसा धरून ठेवू शकत नाही, नेहमीचं कार्ट्रिज थोड्याच वेळात हार मानतं. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकणंच बंद केलं. पाण्याने आणि स्क्रेपरने दोन दिवस जास्त लागतील, लागू देत.

दुसरं, उघड्या सागावर घासकाम. इथे सँडर चालेल. पण सागाच्या पुडीने काहींना खाज येते, पुरळ उठतं, शिसवीनेही तसंच. आणि लाकडाची धूळ ही १९९५ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. नाकाच्या पोकळीचा कर्करोग फर्निचरच्या कारागिरांत जास्त दिसला, त्यावरून ते ठरलं. तुमच्या एका कपाटाने काही होणार नाही, पण नाद लागलाय म्हणालात, म्हणजे हे एकच कपाट नसणार. सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडा, निम्म्याहून जास्त कटकट तिथेच संपते.

एक गोष्ट सगळेच करतात ती सांगतो. घासताना मास्क असतो, सँडर बंद केला की मास्क खाली ओढायचा आणि झाडू हातात घ्यायचा. अहो, सगळ्यात बारीक धूळ दिसतच नाही आणि मशीन थांबल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत असते, वर झाडू मारून आपण बसलेली पण उठवतो. मास्क उतरवायचा तो खोलीच्या बाहेर येऊन.

तिसरं, पीयू. यावर सावकाश लिहितो, जेवण झाल्यावर. तोवर गन बाजूला ठेवा.

श्वासनलिका

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. काका पीयूवर लिहीपर्यंत दोन ओळी. अशा कामातून होणारा दमा बऱ्याचदा काम चालू असताना जाणवतच नाही. दुपारी फवारणी, आणि रात्री दोनला खोकल्याची उबळ किंवा छातीत घरघर. रुग्ण म्हणतो, 'थंड पाणी प्यायलो त्याने झालं.' सुट्टीत बरं वाटतं आणि कामाला लागलं की पुन्हा सुरू, असं चक्र दिसलं तर कफ सिरपवर दिवस काढू नका, फुफ्फुसाची तपासणी करून घ्या. आणि आधीपासून दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर घट्ट मास्क लावून काम करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मास्कमधून श्वास ओढायला जोर लागतो, तो सगळ्यांना सोसत नाही.

रंधा_पटाशी

वाचनखूण साठवली. काका, दाढीचं पण लिहा. मला दाढी आहे आणि ती काढायची नाहीये.

भोसरीचा_गनवाला

हं. पीयू.

दोन डब्यांच्या पीयूमध्ये हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. बेसमध्ये मिसळला की तो बेसशी जोड धरतो आणि काचेसारखं कडक पॉलिश होतं. तो तेवढ्याच तत्परतेने तुमच्या श्वासनलिकेशीही जोड धरतो. डॉक्टर म्हणाले तो दमा यानेच सगळ्यात जास्त होतो. एकदा का शरीराने त्याला शत्रू ठरवलं की पुढे अगदी जराशा वाफेनेही छाती भरते, आणि त्याला परतीची वाट नाही. आमच्या शॉपमध्ये एक उत्तम हात असलेला गनवाला होता. त्याला ते लागलं, आणि मग पेंटशॉपच्या दारातूनही जाता येईना. शेवटी स्टोअरला बदली करून घेतली त्याने. गाडीच्या दारावर आरसा उमटेल असा हात होता त्याचा.

याची खोड अशी की घातक होईल इतकं हवेत असलं तरी वास येत नाही. थिनरचा वास येतो म्हणून आपण सावध होतो, हा गप्प असतो. म्हणजे कार्ट्रिज संपलं की वास येईल आणि मग बदलू, हा हिशेब इथे चालत नाही. म्हणूनच कारखान्यात पीयू मारताना बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क घालतात, आणि बूथ वेगळा. तुमच्या कॉम्प्रेसरची हवा नळीने तोंडाला लावायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा फवारा येतो आणि तापला तर कार्बन मोनॉक्साइडही.

तर माझं स्पष्ट मत: घरच्या गच्चीवर दोन डब्यांचं पीयू गनने मारायचं नाही. तीन-चार हजारांत त्याला पुरेल असा मास्क मिळत नाही. दुकानदाराने डबे परत घेतले तर बरं, आणि हार्डनरचं सील फोडलं नसेल तर घेईल.

त्याऐवजी एकतर पाण्यावरचं एका डब्याचं पीयू घ्या आणि ब्रशने लावा. कपाट घरातच राहणार, त्याच्यावर कुणी उकळतं पातेलं ठेवणार नाही. नाहीतर, मिरजेत राहून तुम्ही हे मला विचारताय याचीच गंमत वाटते, लाखेचं पॉलिश करा! तुमच्या गावातल्या सतार-तंबोऱ्यांवर वर्षानुवर्षं तेच चढत आलंय. चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत बांधायचा आणि हाताने फिरवत थरावर थर द्यायचे. फवारा नाही, हार्डनर नाही. स्पिरिटची वाफ मात्र आहे, आणि त्यात मिथेनॉल असेल तर तेही कोळशाला फारसं जुमानत नाही. पण बोळ्याने लावताना वाफ थोडी असते, दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि पंखा पाठीमागून. जवळपास शेगडी, उदबत्ती काही नको. सागाला ते दिसतंही झकास. पीयूचं प्लॅस्टिक मला तरी कधी आवडलं नाही.

मेलामाइन पॉलिश कुणी सुचवेल. त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. बंद खोलीत नको.

आता खरेदी. रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्धा मास्क घ्या, नाकापासून हनुवटीपर्यंत झाकणारा, दोन बाजूंना फिल्टर बसणारा. साधा विचार आहे: मास्क एकदाच घ्यायचा, डोकी, म्हणजे फिल्टर नि कार्ट्रिज, बदलत राहायचं. थ्रीएमचा ६२०० सगळीकडे दिसतो, तो मध्यम मापाचा. ६१०० छोटा, ६३०० मोठा. दुकानदार हातात येईल तो देतो, तुम्ही छोटा मागून लावून बघा. धुळीसाठी त्याला गुलाबी चकत्या येतात, २०९१, पी१०० दर्जाच्या. तुमच्या शिशाला आणि सागाला त्याच. थिनर, सीलरच्या वाफेसाठी ६००१ किंवा ६००३ कार्ट्रिज. त्यावर फवाऱ्याचे कण अडवायला ५एन११ ची पातळ चकती आणि ५०१ चं झाकण, नाहीतर कोळसा रंगाने बुजतो. २०९७ नावाची एक राखाडी पट्टीची चकती येते, तिच्यात जरासा कोळसा असतो. दुकानदार 'दोन्हीला चालते' म्हणेल. थिनरला नाही चालत. एका कंपनीची डोकी दुसरीच्या मास्कला बसत नाहीत, तेही बघून घ्या.

रंगाच्या पट्ट्यांवर जाऊ नका, अक्षरं वाचा. बाजारात अमेरिकी आणि युरोपी दोन्ही माल आहे. अमेरिकी पद्धतीत काळी पट्टी म्हणजे थिनरसारख्या सेंद्रिय वाफा, पिवळी म्हणजे त्या आणि आम्लवायू दोन्ही. युरोपीत सेंद्रिय वाफेचं अक्षर ए आणि पट्टी तपकिरी. तिथे पिवळी म्हणजे ई, सल्फर डायऑक्साइडसाठी, तिचा थिनरला उपयोग नाही. हिरवी दोन्हीकडे अमोनियाची. युरोपी घेतलंत तर ए२पी३ मागा: सेंद्रिय वाफ अधिक कण. त्यातही ए हे ६५ अंशांच्या वर उकळणाऱ्यांसाठीच असतं, म्हणूनच तो रिमूव्हर नको म्हटलं.

कार्ट्रिज पाकिटातून काढलं की त्याचं आयुष्य सुरू होतं, तुम्ही घाला न घाला. थिनरच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगून ठेवलेला मास्क रात्रभर काम करत असतो. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा खोलीच्या बाहेर. पावसाळ्यातली दमट हवाही कोळशाची ताकद खाते. काढल्याची तारीख पेनने त्याच्यावरच लिहा. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांनी टाका म्हणतात. थिनरचा वास आत यायला लागला तर त्याच दिवशी टाका.

आता बसवणं. खर्च केलेले पैसे इथेच वाया जातात. कडा कातडीला सगळीकडून लागली पाहिजे, मध्ये काहीही नको. सांगली-मिरजेला गाडीवर निघताना स्कार्फ बांधायची सवय असते, त्या स्कार्फवरून मास्क लावला की कापडाच्या सुरकुतीतून सगळं आत. वरचा पट्टा डोक्याच्या माथ्यावर, खालचा मानेवर केसांच्या खालून. अंबाडा असेल तर वरचा त्याच्या वरून. मग दोन्ही चकत्यांवर तळहात दाबून हळू श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. नंतर पुढच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून हलकेच फुंकायचं, कडेने फुसफुस व्हायला नको. हे प्रत्येक वेळी, कंटाळा न करता. नीट बसला तर अर्ध्या मास्कने आतली घाण बाहेरच्या दहाव्या हिश्शावर येते असं धरतात. बसला नाही तर फिल्टर कितीही महागाचा असो. चष्म्याची अडचण नाही, मास्क नाकावर चष्म्याच्या खालच्या बाजूला बसतो. साध्या एन९५ मध्ये चष्म्यावर वाफ धरली तर समजायचं वरून गळतंय.

रंधाराव, दाढी आणि हा मास्क एकत्र नांदत नाहीत. दोन दिवसांची खुंटंसुद्धा कडेला फट पाडतात. मिशी आतल्या आत मावत असेल तर राहू दे. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने हवा गाळून डोक्यावरच्या टोपात सोडणारी यंत्रं येतात. लेथवाल्यांना ती फार सुखाची, पण किंमत ऐकून तुम्ही न्हाव्याकडे जाल.

सोल्डरिंग राहिलं. त्या धुरात शिसं नसतं. शिसं उकळायला १७४९ अंश लागतात, तुमच्या पोराची इस्त्री ३५० च्या आसपास. धूर आहे तो राळेचा, फ्लक्सचा, आणि त्यानेही दमा होऊ शकतो. मास्क नको, धूर नाकापासून दूर ओढणारा छोटा पंखा ठेवा. शिसं हाताला लागतं, म्हणून उठल्यावर हात धुवायचे, आणि सोल्डरची तार दातात धरायची नाही. पोरं धरतात.

यारा_काठ

मेलबर्नहून. इकडे मास्कला पी२ म्हणतात, साधारण एफएफपी२ च्या तोडीचा. काकांच्या लेखनात दगड आला नाही म्हणून लिहितो. क्वार्ट्झचे तयार ओटे कापणाऱ्या तरुण पोरांना सिलिकोसिस (दगडाच्या बारीक धुळीने, सिलिकाने, होणारा फुफ्फुसाचा रोग) व्हायला लागला, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो कृत्रिम दगड वापरणंच बंद केलं. त्यात ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. गावी गेलो की बघतो, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ग्रॅनाइट सुक्या ग्राइंडरने कापत असतात आणि कापणाऱ्याच्या तोंडाला रुमाल. मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली कापणारे आणि खंबातचे अकीक घासणारे याच रोगाने गेलेत, आपल्याला हे नवीन नाही. कुणाला घरी ओट्याचा तुकडा कापायचाच असेल तर पाण्याची धार लावून कापा.

भोसरीचा_गनवाला

बरोबर. आणि हाताने गणपती करणाऱ्यांनाही तेच. शाडू वाळल्यावर पॉलिश पेपर मारू नका. मातीत बारीक सिलिका असते. ओल्या स्पंजने फिनिशिंग होतं, आणि ते जास्त छान येतं. प्लास्टरच्या पुडीत सिलिकाची भानगड फारशी नसते, तरी खोकला आणतेच.

मिरजकरीण

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार कसे मानू. सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, पंच्याचा विषय बंद झाला. ते म्हणाले त्यांच्या वर्गात एक सतारमेकरांचा मुलगा होता, त्याला विचारतो चपडा कुठला घ्यायचा.

हार्डनर परत दिला, दुकानदार जरा कुरकुरला. रिमूव्हरवर काहीच लिहिलेलं नाही, नुसतंच 'ज्वलनशील नाही' असं आहे. ठेवू का? आणि खरवडलेल्या रंगाचं काय करायचं? आमच्याकडे कचरा गाडीत ओला-सुका एवढंच असतं.

सांगलीत दोन दुकानांत विचारलं. एकाकडे ६२०० आहे, गुलाबी चकत्या आहेत, ६१०० मागवावा लागेल म्हणतो. तोवर ६२०० पट्टे आवळून चालेल का?

भोसरीचा_गनवाला

'ज्वलनशील नाही' हीच खूण. मिथिलीन क्लोराइड सहजी पेटत नाही, म्हणून विक्रेते ते मिरवतात. तो डबाही परत करा.

पट्टे आवळून माप बदलत नाही. जास्त आवळला की कडा दुमडते आणि नाकापाशी फट पडते. दुकानातच तळहाताची चाचणी करून बघा. चिकटून राहिला तर ६२०० घ्या, चेहऱ्याचं माप कुणाचं काय सांगता येत नाही. नाही राहिला तर आठवडाभर थांबा. कपाट इतकी वर्षं थांबलंय.

खरवडलेला रंग ओला असतानाच दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गाठ मारून ठेवा. रंगाचे डबे-बिबे घरातल्या घातक कचऱ्यात धरतात, तो वेगळा द्यायचा असतो. महापालिकेच्या गाडीवाल्याला विचारा, कुठे घेतात ते. कुंडीत, झाडाच्या बुंध्याशी टाकू नका, जाळू तर मुळीच नका. पुसायची फडकी त्याच पिशवीत.

टवाळ_टोळ

एक गंभीर प्रश्न, टवाळी नाही. आमच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी साफ करायचीय. माणूस म्हणतो माझ्याकडे 'केमिकल मास्क' आहे, वर्णनावरून हाच अर्धा मास्क दिसतो. चालेल?

भोसरीचा_गनवाला

नाही. हे सगळे मास्क आहे ती हवा गाळतात, नसलेला ऑक्सिजन आणत नाहीत. बंद टाकी, जुनी विहीर, मैल्याचा खड्डा इथे ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की धोका सुरू, आणि फारच खाली गेला असेल तर माणूस शिडीवरच कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. कार्बन मोनॉक्साइडही हे कार्ट्रिज अडवत नाही, त्यामुळे टाकीत पेट्रोलचा पंप उतरवून पाणी उपसायचं असेल तर तेही थांबवा. झाकणं उघडून ब्लोअरने हवा खेळवायची, वायू मोजायचं यंत्र दोरीने खाली सोडून आकडा बघायचा, कमरेला दोर बांधलेला आणि वर दोन माणसं उभी असल्याशिवाय कुणाला उतरू द्यायचं नाही. ही सामग्री ज्या ठेकेदाराकडे आहे त्यालाच काम द्या. त्या माणसाला आजच फोन करा, उद्या सकाळी तो तुमच्या आधी पोचलेला असेल.